अप्पांच्या पोटातली धमनी फुगलीय आणि डॉक्टर म्हणतात थांबा

ताई, नाव-गाव नको म्हणालात, हरकत नाही, पण बाकीच्या वाचकांना संदर्भ लागावा म्हणून तुमच्या पत्रातलं थोडक्यात आधी सांगते. वडील, घरात सगळे अप्पा म्हणतात, वय ६८, एसटीतून ड्रायव्हर म्हणून रिटायर झालेले, बीपीची गोळी चालू आहे पण "आठवली तर" घेतात, आणि बिडी तरुणपणापासून. लघवीचा त्रास म्हणून प्रोस्टेट बघायला सोनोग्राफी केली तर रिपोर्टमध्ये भलतंच निघालं, पोटातल्या महाधमनीला ॲन्युरिझम, ४.३ सेंटीमीटर. सर्जन म्हणाले आत्ता ऑपरेशन नको, सहा महिन्यांनी परत सोनोग्राफी करून या. भाऊ चिडलाय, म्हणतो पुण्याला नेऊ आणि लगेच उरकून टाकू. चुलते म्हणतात पोटात बॉम्ब आहे. अप्पा म्हणतात मला काय धाड भरलीय आणि वारीची पिशवी काढून ठेवलीय. आणि तुमचं स्वतःचं त्या दिवसापासून डोकं दुखतंय, आपल्याही डोक्यात असंच काही असेल का असं विचारलंय.

सर्जननी सांगितलंय ते बरोबर आहे. फक्त त्यांनी अजून दहा मिनिटं बसून समजावलं असतं तर तुमच्या घरात एवढा गोंधळ झाला नसता, पण ओपीडीत बाहेर शंभर पेशंट बसलेले असतात तेव्हा ही दहा मिनिटं कोणाला मिळतात, असो.

अप्पांना कळेल असं सांगायचं तर टायरची साईडवॉल आतून कमजोर झाली की हवेच्या दाबाने तिथे टेंगूळ येतं ना, तसं हे. हृदयातून निघालेली महाधमनी छातीतून पोटात उतरते आणि बेंबीच्या आसपास दोन पायांसाठी दोन फाटे होतात. पोटात तिची जाडी साधारण २ सेंटीमीटर असते, ३ किंवा जास्त झाली की ॲन्युरिझम म्हणायचं. बहुतेकांना ते किडनीच्या धमन्या निघतात त्याच्या खालच्या भागात होतं. भिंतीत जे लवचीक तंतू असतात ते वर्षानुवर्षं झिजतात, धुराने ही झीज फार वेगात होते, मग आतला दाब भिंतीला बाहेर ढकलत राहतो. आणि नळी जितकी रुंद तितका तोच बीपी असूनही भिंतीवरचा ताण जास्त, म्हणून मोठं झालेलं अजून मोठं व्हायला बघतं. सगळा हिशोब सेंटीमीटरमध्ये का करतात ते इथे कळेल.

कोणाला होतं? पुरुषांना जास्त, पासष्टीनंतर जास्त, बिडी-सिगारेटवाल्यांना सगळ्यात जास्त, बीपी असलेल्यांना, आणि ज्यांच्या वडिलांना किंवा सख्ख्या भावाला झालं होतं त्यांना. अप्पांच्या बाबतीत यातलं बरंच काही आहे. एक गंमत म्हणजे डायबेटीसवाल्यांना हे कमी होतं, म्हणजे हृदयाच्या आणि पायाच्या धमन्यांची वाट लावणारी शुगर इथे उलटीच वागते, का ते अजून नीट उलगडलेलं नाही. तरुण बाईला महाधमनीचा त्रास निघाला तर आम्ही टाकायासू नावाच्या आजाराचा विचार करतो, उंच सडपातळ लांब बोटांच्या मुलाला छातीतली धमनी फुगली तर मार्फान या जन्मजात आजाराचा, पण ते वेगळे विषय, अप्पांचं साधं सरळ वय-धूर-बीपीचं प्रकरण आहे.

आता भावासाठी, कारण तो सगळ्यात जास्त तापलाय. लगेच ऑपरेशन का नाही? हा प्रश्न डॉक्टरांनाही पडला होता आणि त्याचं उत्तर दोन मोठ्या अभ्यासांतून मिळालं. एक इंग्लंडमध्ये झाला, १०९० पेशंट, निकाल १९९८ ला आले, दुसरा अमेरिकेत झाला, ११३६ पेशंट, निकाल २००२ ला. दोन्हीत साधारण ४ ते ५.५ सेंटीमीटरचे पेशंट घेतले, अर्ध्यांचं लगेच ऑपरेशन केलं, अर्ध्यांना फक्त सोनोग्राफी करत ठेवलं आणि वाढलं तरच ऑपरेशन केलं. लगेच ऑपरेशन केलेले जास्त जगले का, तर नाही. बघत राहिलेल्यांपैकी अर्ध्याहून जास्त जणांचं पुढे कधीतरी ऑपरेशन झालंच, हेही खरं, पण आधी घाई केल्याने आयुष्य वाढलं नाही. कारण एवढ्या साईजचं फुटण्याची शक्यता वर्षाला शंभरात एक किंवा त्याहून कमी असते, आणि पोट उघडून केलेल्या ऑपरेशनमध्ये चांगल्या हॉस्पिटलातसुद्धा शंभरातले तीन ते पाच जण दगावतात. म्हणजे भाऊ आज जे मागतोय त्यात अप्पांची जोखीम कमी होत नाही, वाढते. हे त्याला असंच आकड्यात सांगा, "डॉक्टर म्हणाले" एवढ्यावर तो गप्प बसणार नाही असं पत्रावरून वाटतंय.

पुरुषांमध्ये ५.५ झालं, बायकांमध्ये ५ झालं, किंवा सहा महिन्यांत अर्धा सेंटीमीटरच्या वर वाढलं, किंवा दुखायला लागलं, की मग ऑपरेशनचं बोलायचं. सरासरी वाढ वर्षाला २-३ मिलीमीटर असते, काहींचं वर्षानुवर्षं जागचं हलत नाही आणि काहींचं अचानक उडी मारतं, म्हणूनच तर तारीख चुकवायची नाही. सहा महिन्यांनी जाताना मागचा रिपोर्ट आणि फिल्म घेऊन जा आणि शक्यतो त्याच सेंटरला, त्याच डॉक्टरकडून करा, कारण मोजणाऱ्याचा हात बदलला की त्याच धमनीत तीन-चार मिलीमीटरचा फरक सहज येतो आणि मग ४.३ चं ४.७ वाचून घरात परत रडारड. सकाळी उपाशीपोटी केलं तर गॅस कमी असतो, माप नीट मिळतं. सीटी अँजिओग्राफी आत्ताच करून घ्या असं कोणी म्हणालं तर विचारा कशासाठी, ती ऑपरेशनचा बेत ठरला की लागते, त्यात नसेतून सोडतात ते डाय किडनीला झेपतं का ते बघावं लागतं, आणि अप्पांना प्रोस्टेटचा त्रास आहे म्हणजे क्रिएटिनिन, म्हणजे किडनीची रक्ततपासणी, आधी बघायलाच हवं.

पण थांबणं म्हणजे हातावर हात ठेवून बसणं नाही, आणि इथे मला अप्पांवर जरा रागवायचंय. बिडी. अप्पा म्हणत असतील सिगारेट नाही ओढत, बिडीच तर आहे, पानाची असते. धमनीला काही फरक पडत नाही, धूर तो धूरच. ओढणाऱ्यांचं ॲन्युरिझम भराभर वाढतं आणि फुटतंही जास्त, आणि ते वाढणं हळू करायला आपल्या हातात सगळ्यात भरवशाची गोष्ट कुठली असेल तर बिडी सोडणं, कारण अशी कुठलीही गोळी आज नाही जी हे टेंगूळ लहान करेल. बरंच काही करून बघितलंय लोकांनी, बीटा ब्लॉकर या बीपीच्या गोळ्या, डॉक्सीसायक्लिन हे अँटिबायोटिक, काही हाती लागलं नाही. त्यामुळे कोणी काढा, भस्म, "नस मोकळी करणारं" तेल विकायला आलं तर दारातूनच परत पाठवा. सोडायला मदत लागेलच, एवढ्या वर्षांची सवय धमकीने जात नाही, सरकारी हेल्पलाईन आहे १८००-११-२३५६, फुकट आहे, निकोटिनच्या गोळ्या-पॅच बद्दल तुमच्या डॉक्टरांना विचारा. आणि कमी करतो म्हणाले तर खूश होऊ नका, तारीख ठरवून बंद.

बीपीची गोळी आठवली तर नाही, रोज. चहाच्या कपाखाली ठेवा, काहीही करा. लोणचं-पापड कमी. डॉक्टरांनी स्टॅटिन म्हणजे कोलेस्टेरॉलची गोळी लिहून दिली असेल तर ती या फुग्यासाठी कमी आणि हृदयासाठी जास्त आहे, कारण खरं सांगायचं तर छोटं ॲन्युरिझम असलेली माणसं ॲन्युरिझम फुटून जाण्यापेक्षा हार्ट ॲटॅकने जास्त जातात, हे कोणी बोलत नाही. म्हणून एकदा ईसीजी, २डी इको पण करून घ्या.

अजून एक गोष्ट, जी कदाचित सर्जननीही सांगितली नसेल. सिप्रोफ्लॉक्सासिन, ऑफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन या जातीची अँटिबायोटिक्स. अमेरिकेच्या औषध नियामक खात्याने डिसेंबर २०१८ मध्ये इशारा दिलाय की ज्यांना महाधमनीचं ॲन्युरिझम आहे त्यांना ही दुसरा पर्याय असताना देऊ नयेत, कारण ती भिंत अजून कमजोर करू शकतात आणि फाटण्याचा धोका वाढलेला दिसलाय. आता आपल्याकडे जुलाब झाले की मेडिकलवाला काय देतो? ऑफ्लॉक्सासिन असलेली गोळी. लघवीचं इन्फेक्शन झालं, प्रोस्टेटवाल्यांना होतंच, की काय देतात? परत तीच मंडळी. म्हणून अप्पांच्या फाईलवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा आणि मेडिकलमधून परस्पर गोळ्या आणणं बंद, कुठल्याही डॉक्टरकडे गेलात तरी पहिलं वाक्य "पोटात ॲन्युरिझम आहे" हे.

आणि पोट चोळणं. बेंबी सरकली म्हणून गावात कोणीतरी अंगठ्याने पोट दाबून, पिळून देतं, ते अप्पांच्या बाबतीत अजिबात नको. डॉक्टरांनी तपासताना हात लावला तर काही होत नाही, घाबरू नका, पण मालिशवाल्याचा अंगठा वेगळा.

आता धोक्याच्या खुणा, हे घरातल्या सगळ्यांना वाचून दाखवा. मुळात ॲन्युरिझमला बहुतेक वेळा काहीच लक्षण नसतं, अप्पांसारखं दुसरंच काही बघताना सापडतं. बारीक माणसाला उताणं झोपल्यावर बेंबीच्या वर धडधड जाणवते, पण ती कधीकधी नॉर्मल माणसालाही जाणवते. काळजीचं काय, तर पोटात, कमरेत किंवा कुशीत अचानक सुरू झालेलं जोरदार, न थांबणारं दुखणं, जे पाठीत किंवा जांघेत उतरतं, त्यासोबत घाम, चक्कर, चेहरा पांढराफटक, भोवळ. आणि इथे एक मोठी फसगत होते, डाव्या कुशीतून जांघेत जाणारं दुखणं म्हणजे मुतखडा असं सगळे म्हणतात, इंजेक्शन देऊन घरी पाठवतात. साठीच्या पुढच्या बिडी ओढणाऱ्या पुरुषाला आयुष्यात पहिल्यांदाच मुतखडा "झाला" तर आधी महाधमनी बघायची, हे आम्हाला शिकताना डोक्यात कोरलेलं असतं आणि तरी गर्दीच्या रात्री निसटतं. म्हणून तुम्हीच बोला. फुटलं तर दहातले जवळजवळ आठ जण वाचत नाहीत, बरेच हॉस्पिटलपर्यंत पोचत नाहीत, त्यामुळे तिथे लिंबू सरबत, ओवा, "सकाळी बघू" नाही. १०८ ला फोन, आणि जवळच्या छोट्या दवाखान्यात नव्हे तर जिथे सीटी स्कॅन, रक्तपेढी आणि व्हॅस्क्युलर (धमन्यांचा) किंवा कार्डिओथोरॅसिक (हृदय-छातीचा) सर्जन आहे तिथे. असं हॉस्पिटल तुमच्यापासून सगळ्यात जवळ कुठलं, हे आजच शोधून ठेवा, रात्री दोन वाजता नाही.

गुडघ्याच्या मागेही हात लावून बघा किंवा पुढच्या सोनोग्राफीत बघायला सांगा. पोटात ॲन्युरिझम असलेल्या पुरुषांपैकी काहींना तिथल्या धमनीतही सापडतं आणि ते फुटण्यापेक्षा गुठळीने बंद पडतं, पाय एकदम गार, पांढरा आणि बधिर होतो. तीही इमर्जन्सीच.

उद्या ५.५ झालंच तर काय, हेही तुम्हाला जाणून घ्यायचंय. दोन रस्ते आहेत. पहिला म्हणजे पोट उघडून, धमनीला वर-खाली क्लॅम्प लावून, फुगलेल्या जागी डॅक्रॉनची म्हणजे पॉलिस्टरच्या कापडाची नळी शिवायची. हे जुनं आणि टिकाऊ काम, पॅरिसला १९५१ मध्ये चार्ल्स द्यूबो यांनी पहिल्यांदा फुगलेला भाग काढून दुसऱ्या माणसाची धमनी बसवली, पुढे कापडी नळ्या आल्या. त्याच्या आधी काय करायचे माहितीये? आइन्स्टाईनना हेच होतं. १९४८ मध्ये सर्जन रुडॉल्फ निसेन यांनी त्यांच्या फुग्याभोवती सेलोफेन गुंडाळला, हो तोच पॅकिंगचा कागद, का तर त्याने भोवती जाड व्रण तयार होऊन भिंतीला आधार मिळावा. त्यावर ते सहा वर्षांहून जास्त जगले, मग एप्रिल १९५५ ला फुटलं, तेव्हा ऑपरेशन शक्य होतं पण त्यांनी नाही म्हटलं, आणि १८ एप्रिलला प्रिन्स्टनला गेले, ७६ व्या वर्षी.

दुसरा रस्ता जांघेतून. जांघेतल्या धमनीतून घडी केलेला स्टेंट-ग्राफ्ट वर सरकवायचा आणि फुगलेल्या भागात आतून उघडायचा, रक्त नळीतून जातं, बाहेरच्या भिंतीवर दाब येत नाही. पोटाच्या महाधमनीसाठी हे सर्जन हुआन परोदी यांनी १९९० मध्ये ब्युनोस आयर्सला करून दाखवलं. यात दोन-तीन दिवसांत घरी येतात, सुरुवातीचा धोका उघड्या ऑपरेशनपेक्षा बराच कमी, शंभरात एक-दोन. पण काही वर्षांनी दोन्हींचा हिशोब जवळपास सारखा होतो, कारण स्टेंट-ग्राफ्टच्या कडेने रक्त आत झिरपू शकतं, ग्राफ्ट सरकू शकतो, परत दुरुस्ती लागते आणि दरवर्षी स्कॅन आयुष्यभर. जो माणूस तारखेला जाणारच नाही त्याच्यासाठी हे मला फारसं आवडत नाही, स्पष्टच सांगते. आणि प्रत्येकाला बसतंही नाही, किडनीच्या धमन्यांखाली पकड घ्यायला पुरेशी सरळ जागा लागते. ते सीटीवरून ठरतं, जाहिरातीवरून नाही.

खर्च स्टेंट-ग्राफ्टचा लाखांत जातो, म्हणून आत्ताच कागदं तयार ठेवा. रेशनकार्ड आणि आधार घेऊन महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत असलेल्या हॉस्पिटलमध्ये आरोग्यमित्राला विचारा की महाधमनीचं कुठलं पॅकेज बसतं, उघडं की स्टेंटचं, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत कव्हर आहे. अप्पांना ७० पूर्ण झाली की आयुष्मान वय वंदना कार्ड वेगळं निघतं, तेही काढून ठेवा.

वारीला पाठवू का? पाठवा. चालण्याने ४.३ चं ॲन्युरिझम फुटत नाही, उलट रोज चालणं बीपीला आणि मनाला चांगलं, घरात कॉटवर झोपवून ठेवलं तर बिडी वाढेल एवढंच होईल. पण डोक्यावर गाठोडं, दुसऱ्याचा ट्रंक उचलणं, श्वास रोखून जोर लावणं नको, सामान दिंडीच्या ट्रकमध्ये. शौचाला जोर करायला लागू नये म्हणून रात्री इसबगोल. गोळ्या मोजून डबीत, रिपोर्टचा फोटो अप्पांच्या आणि सोबतच्या माणसाच्या मोबाईलमध्ये, आणि दिंडीतल्या एका तरी जाणत्याला वरच्या खुणा सांगून ठेवा. त्याआधी एकदा बीपी दाखवा, वरचा आकडा १६० असेल तर ते खाली येईपर्यंत मुक्काम घरीच.

राहिलं तुमचं डोकं. मेंदूतलं ॲन्युरिझम हे वेगळं प्रकरण, मेंदूच्या तळाशी धमन्यांच्या फाट्यावर छोटा बोरासारखा उभार येतो, मोठ्या माणसांत शंभरातल्या साधारण तिघांना असतो आणि त्यातल्या बहुतेकांचा आयुष्यभर फुटत नाही. न फुटलेला सहसा दुखतही नाही, रोजचं ठणकणारं डोकं त्याचं नसतं. तुमचं दुखणं रिपोर्ट आला त्या दिवसापासून आहे, झोप उडालीय, कपाळ आवळल्यासारखं वाटतं असं तुम्हीच लिहिलंय, हे ताणाचं डोकं आहे असं मला वाटतं, तरी एकदा बीपी आणि डोळे तपासून घ्या. घाबरायचं कधी, तर डोक्यात एकदम काहीतरी फुटल्यासारखं, मिनिटाभरात टोकाला गेलेलं, आयुष्यात असं कधी दुखलं नाही असं दुखणं, उलटी, मान आखडणं, शुद्ध जाणं, किंवा एका डोळ्याची पापणी पडून दोन-दोन दिसणं. तेव्हा थेट न्यूरोसर्जन असलेलं हॉस्पिटल, तिथे क्लिप लावतात किंवा जांघेतून कॉइल भरतात. वडिलांना पोटात आहे म्हणून मुलीचं एमआरआय करायची पद्धत नाही. घरातल्या दोन सख्ख्यांना मेंदूतलं असेल किंवा घराण्यात पॉलिसिस्टिक किडनी (किडनीत पाण्याच्या गाठी होण्याचा आजार) असेल तर तपासायचं, तुमच्याकडे दोन्ही नाही.

तपासायचंच असेल तर अप्पांच्या सख्ख्या भावाचं, म्हणजे बॉम्ब म्हणणाऱ्या चुलत्यांचं पोट तपासा. ते पासष्टीच्या पुढचे आहेत, तंबाखू आहे म्हणालात. इंग्लंडमध्ये ६५ व्या वर्षी सगळ्या पुरुषांना सरकार बोलावून एकदा पोटाची सोनोग्राफी करतं, आपल्याकडे तसं कोणी बोलवत नाही, आपलं आपणच जायचं, उपाशीपोटी, अर्ध्या तासाचं काम. तुमच्या भावाला आत्ता चाळिशीत गरज नाही, पन्नाशीनंतर एकदा करून घेऊ दे आणि सिगारेट मात्र त्याने अप्पांसोबतच सोडावी, एकाच तारखेला. सहा महिन्यांनी रिपोर्ट आला की आकडा कळवा.